मावशीचा अंगरखा

१

कंपनीच्या ठाण्यातल्या सौद्याच्या खोलीला एकच खिडकी होती, आणि तिला खिडकी म्हणणं हे जरा कौतुकच होतं. भिंतीत वीतभर उंच, हातभर रुंद असं भोक, त्यावर सरकवायची फळी आणि खाली एक लाकडी पाट. पलीकडे तटाच्या दोन भिंतींमधला अरुंद बोळ. शिकारी त्या बोळातून यायचे, पाटावर कातडी ठेवायचे, हवं ते मागायचे आणि घेऊन जायचे. आत उभ्या असलेल्या माणसाला त्यांचे हात तेवढे दिसायचे. कातड्यांच्या व्यापारासाठी समुद्रापलीकडून आलेल्या कंपनीला बीव्हरची, नदीतल्या त्या केसाळ जनावराची, कातडी हवी होती. ती आणणाऱ्यांची तोंडं बघायची तिला कधी गरज वाटली नव्हती.

लग्न झाल्यापासूनचं मार्गेटचं सगळं आयुष्य त्या भोकापाशी गेलं होतं. नावाला ठाण्याचा सौदेकरी तिचा नवरा, विली लौटिट. समुद्रापलीकडच्या ऑर्क्नी बेटांवरून आलेला, भला, कष्टाळू, पण नदीकाठची भाषा त्याच्या जिभेवर कधी चढली नाही. 'ये', 'जा' आणि 'तंबाखू' एवढेच शब्द त्याला यायचे, आणि त्यातही तो 'जा' म्हणाला की लोक हसायचे. मार्गेटची आई नदीकाठी मुळापासून राहणाऱ्या क्री लोकांतली, बाप विलीच्याच बेटावरचा. म्हणून माल विली बघायचा आणि बोलायची ती.

हातांवरून ती माणूस ओळखायची. त्याहून आधी वाफेवरून. हिवाळ्यात बोळात कोणी आलं की हाताच्या आधी त्याच्या श्वासाची वाफ आत यायची. पळत आलेल्याची वेगळी, म्हाताऱ्याची वेगळी. दिवसभर ती वाफ खिडकीच्या वरच्या कडेला गोठत राही आणि संध्याकाळी मार्गेट सुरीने तो बर्फ खरवडून काढी. जितका बर्फ तितका धंदा, असं विली म्हणायचा.

खिडकीचे नियम दोनच. पहिल्यांदा तंबाखूची चिमूट द्यायची. ती समोरच्याने घेतली की सौदा सुरू झाला, मग कोणी पाठ फिरवायची नाही. आणि कातडं एकदा आत घेतलं की बाहेरच्याला हवं ते मिळून त्याने पाटावर दोनदा थाप मारेपर्यंत फळी लावायची नाही. हे नियम कंपनीचे नव्हते. कंपनी यायच्या आधीपासून नदीकाठची माणसं एकमेकांशी अशीच वागत होती. कंपनीने ते पाळले, कारण न पाळून तिला कातडं मिळालं नसतं.

त्या हिवाळ्यात मात्र खरवडायला बर्फच नव्हता. उन्हाळ्यात इथे वसवायला आणलेल्या लोकांची, वसाहतीची, पहिली होडकी आली, त्यांतून खोकणारी पोरं उतरली, आणि तो खोकला नदीने वर वर गेला. शरद संपता संपता काठावरचे धूर एकेक करून विझले. आता बोळात कोणी येत नव्हतं. विलीला घेऊन ठाण्याचे मोठे साहेब, कॉरिगल, वरच्या वाकणावर, नदीच्या वळणापाशी, जमीन मोजायला गेले होते. आणि घरात मार्गेटची पाच वर्षांची इझबेल खोकत होती.

२

पहिल्यांदा तो खोकलाच ऐकू आला. भर दुपार होती. मार्गेट पाट पुसत होती आणि बोळात कोणीतरी खोकलं. तीन तोकडे, मग एक लांब ओढलेला.

पावलं वाजली नव्हती. एवढ्या थंडीत बर्फावर कुत्रं चाललं तरी करकर ऐकू येते. पण मार्गेटचं लक्ष अर्धं घरात होतं, पोरीकडे, तेव्हा आपल्याच कानांनी दगा दिला असेल असं तिने धरलं. तिने फळी सरकवली. पाटावर एक बीव्हरचं कातडं होतं आणि त्यावर लोकरी हातमोजा घातलेला हात.

कातडं बघून तिचा जीव भांड्यात पडला. वाळुंजाची फांदी वाकवून केलेल्या कड्यावर गोल ताणलेलं, आणि ताणायची भोकं जोडीजोडीने पाडलेली. नदीवर असं फक्त वाकणावरचे लोक करत. तिच्या मावशीचे लोक. बाप बेटावर परत गेला आणि आई त्या धक्क्यातच गेली, तेव्हा मार्गेटला त्या मावशीने वाढवलं होतं. वाकणावर कोणी उरलं नाही, असं शरदात विली सांगत आला होता. मावशीचा तंबू रिकामा होता, ती उत्तरेला गेली असावी, असंही म्हणाला होता.

कोण आहे हे न विचारताच तिने तंबाखू पुढे केला. हाताने तो घेतला. तिने कातडं आत ओढलं आणि मग विचारलं.

"कोण गं? वाकणावरची ना? माझी मावशी कशी आहे?"

तिने किटली पुढे ठेवली, हाताने ती मागे सारली. कांबळं ठेवलं, तेही मागे. चाकू, सुया, लाल कापड. हात एकेक वस्तू हलकेच परत ढकलत राहिला, जणू चुकीच्या घरी आलेलं ताट परत पाठवत होता. मग थाप न मारताच निघून गेला.

मार्गेट थांबली. पाहुणी गेली असली तरी सौदा मिटला नव्हता, फळी लावता येत नव्हती. उघड्या भोकातून गारठा आत येत राहिला. संध्याकाळी सवयीने तिने सुरी काढली आणि वरच्या कडेशी नेली. कड कोरडी होती. लाकडावर बर्फाचा कण नव्हता.

तोंडाला फडकं बांधलं असेल, ती स्वतःशी म्हणाली. खोकणारं माणूस बांधतंच. आणि पुढे बरेच दिवस ती हेच म्हणत राहिली.

३

घरात इझबेल अंगरख्यात गुरफटून बसलेली असे.

अंगरखा बीव्हरचा, आणि तोही वापरलेला. ह्या धंद्यात ताज्या कातड्यापेक्षा वापरलेल्याला मान जास्त. माणसाने केसाळ बाजू आत करून तो दोन हिवाळे अंगाला लावून घातला, की वरचे राठ केस झडतात, घाम आणि चरबी मुरते आणि खालची मऊ लव तेवढी राहते. टोप्या बनवणाऱ्यांना तीच हवी. दूर कुठल्या शहरात साहेबलोक डोक्यावर मिरवतात ते आमच्या बायकांच्या पाठीची ऊब, असं मावशी म्हणायची आणि वर म्हणायची की म्हणूनच त्यांची डोकी इतकी तापलेली.

शरदात साहेबांनी विलीसकट माणसं वाकणावर पाठवली, रिकाम्या तंबूंतला माल कुजून जाऊ नये म्हणून. गठ्ठेच्या गठ्ठे आले. त्यातला एक अंगरखा विलीने लपवून घरी आणला, पोरीसाठी. मार्गेटने हात लावताच ओळखला. काखेतला जोड तिनेच लहानपणी घातला होता, वाकडा, आणि मावशीने तो कधी उसवू दिला नव्हता. ती रडली. मग विलीने समजूत काढली, की तो तंबूच्या काठीला टांगलेला होता, म्हातारी घाईत विसरली असेल.

तो घातला की इझबेलचा श्वास मोकळा व्हायचा. एरवी पोरीला खोकल्याची उबळ आली की ओठ निळे पडत आणि मार्गेटला हातपाय कुठे ठेवावेत कळत नसे. अंगरख्यात मात्र ती झोपे, पेज खाई, मध्येच गाणंही म्हणे. काढला की अर्धी पेज संपायच्या आत पुन्हा निळी. तेव्हा मार्गेट तो काढतच नसे.

एकदाच काढला होता, झटकायला. दाराशी खुंटीवर टांगला, आणि घरातली कामं आटोपून परत घ्यायला गेली. दाराच्या फटीतून बर्फ आत येत होता, बादलीतलं पाणी गोठलं होतं. अंगरखा आतून गरम होता. नुकताच कोणीतरी अंगातून काढावा इतका.

पोरीच्याच अंगाची ऊब असणार, तिने ठरवलं. जाड कातडं असतं, धरून ठेवतं. पण ठरवताना तिने हात मात्र पटकन मागे घेतला होता.

४

कॉरिगल साहेब आणि विली परतले तेव्हा सौद्याच्या खोलीत बीव्हरचा ढीग लागला होता. रोज एक कातडं येत होतं, रोज हात सगळं परत ढकलत होता, आणि फळी उघडीच होती.

साहेब खूश झाले. देव आणि कंपनी यांतला फरक त्यांना रविवारी तेवढा आठवे, आणि तो दिवस रविवार नव्हता. ह्या साथीच्या वर्षात, म्हणाले, एवढा माल दुसऱ्या कुठल्या ठाण्यावर आला नसेल. मार्गेटने सांगितलं की माल वाकणावरून येतोय आणि त्याचा मोबदला अजून दिलेला नाही. त्यावर साहेब हसले. वाकणावर एकही माणूस नाही, त्यांनी स्वतः जमीन मोजायची साखळी ओढून बघितलंय. झाडांना खाचा पाडल्यात, बर्फात लाल चिंध्यांच्या काठ्या रोवल्यात. नदीवरचा बर्फ फुटला की वसाहतीची होडकी येतील, प्रत्येक घराला पाण्यापासून मागे जंगलापर्यंत एक पट्टा. रिकामी जमीन दिली म्हणून कोणाचं काय जातंय.

"आणि एक पट्टा लौटिटचा," ते जाता जाता म्हणाले. "बोलला नाही वाटतं तुला?"

विली बोलला नव्हता. घरी आल्यावर बोलला. त्याच्या कराराची मुदत संपत होती. मुदत संपलेल्या नोकराला कंपनी जहाजात बसवून बेटावर पाठवायची. बायकोपोरं इथेच राहायची, दुसऱ्या कोणाच्या तरी चुलीपाशी. मार्गेटच्या बापाने तेच केलं होतं. आता वसाहत होणार म्हणून साहेबांनी त्याला इथेच जमीन देऊ केली होती, आणि ती नेमकी वाकणावरची होती.

"तुला टाकून जायचं नाही मला," विली म्हणाला. "त्याच्यासाठी साहेबांनी जे सांगितलं ते केलं. बाकी काही नाही."

"काय सांगितलं साहेबांनी?"

"वाकण रिकामं आहे असं म्हणायला सांगितलं."

"मग होतंच ना रिकामं?"

विलीने चुलीत लाकूड सरकवलं. मग त्याने विचारलं की ती कातडी आणतं कोण. तिने भोकांच्या जोड्या सांगितल्या, खोकला सांगितला. तीन तोकडे, एक लांब. सांगता सांगता तिने त्याच्याकडे बघितलं तर त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं.

५

दुसऱ्या दिवशी विली तिच्याबरोबर खिडकीपाशी उभा राहिला. बाहेर ऊन होतं, बर्फावरून उलटून ते बोळातही पोचत होतं. विलीच्या तोंडची वाफ भोकातून बाहेर जात होती. बाहेरून आत काही येत नव्हतं.

खोकला आला. मग हात आला. त्या दिवशी त्यावर हातमोजा नव्हता.

त्या थंडीत उघडा हात क्षणभरही ठेवता येत नाही. बोटं बधिर होऊन पांढरी पडतात. हा हात पाटावर निवांत पसरला होता. म्हातारा, करड्या रंगाचा, आणि त्याचं पहिलं बोट मधल्या पेरापाशी बाहेरच्या बाजूला वाकडं. मार्गेट लहान असताना सापळ्याचा दात मावशीच्या त्या बोटावर पडला होता. पुढे कितीतरी वर्षं त्याच वाकड्या बोटाने मावशीने तिच्या डोळ्यांतले काजळीचे कण काढले होते.

"मावशी," ती म्हणाली. "आत ये ना गं. दारातून ये."

हात हलला नाही. त्याच्याखाली आज कातडंही नव्हतं. मार्गेटने वेड्यासारखं समोर असेल नसेल ते पाटावर मांडायला सुरुवात केली. आपली शाल, बंदुकीची दारू, विलीची कुऱ्हाड, शेवटी गळ्यातले मणी. हाताने सगळं बाजूला सारलं आणि तो उलटा होऊन तळवा वर करून थांबला. मग बोटं हळूच मिटली, उघडली. कोणी खांद्यावरून काही ओढून घेतं तशी, दोनदा.

पोरीच्या अंगावरच्या अंगरख्याचा विचार तिच्या मनात आला तो तेव्हाच. तिने तो ढकलून दिला.

पण विलीला कळलं होतं. त्याने झपकन फळी ओढली. हात कधी मागे गेला ते कळलंच नाही. फळी कशालाही न अडता बसली. त्याने हातोडी घेतली आणि चारी कोपऱ्यांना खिळे ठोकले.

"सौदा मिटला नाहीये, विली. माल आत आहे आपल्याकडे."

"खड्ड्यात गेला माल."

"असं नसतं करायचं. तुमच्यात चालत असेल. आमच्यात नाही करत."

तो ठोकलेलाच खिळा पुन्हा ठोकत राहिला.

६

त्या दिवसापासून खोकला बोळातून यायचा थांबला. तो घरातून यायला लागला.

मार्गेट चुलीशी होती. मागे इझबेल खोकली, तीन तोकडे, मग एक लांब ओढलेला, आणि मार्गेटच्या हातातली पळी खाली पडली. पोरीचा खोकला तिला पाठ होता. कुत्र्याच्या पिलासारखा, पटापट, शेवटी शीळ घातल्यासारखा. हा तो नव्हता. हा म्हाताऱ्या छातीतून येत होता.

पोराने ऐकलं ते उचललं, तिने मनाला सांगितलं. पोरं नकला करतात. पण पोरगी बोळात कधी गेलीच नव्हती.

आता अंगरख्याचाही गुण येईना. पोर त्यात असूनही ओठ निळे पडायला लागले. मार्गेटने जे येत होतं ते सगळं करून बघितलं. स्प्रूस झाडाच्या पाल्याची वाफ दिली, अस्वलाची चरबी छातीला चोळली, विलीच्या देवाला हात जोडले आणि आपल्या आईच्या लोकांच्या पूर्वजांनाही. गळ्याशी बोट लावून ती श्वास येतोय का बघत राही आणि न आलेल्या प्रत्येक श्वासापाशी स्वतः मरे. हे लेकरू गेलं तर आपण ह्या चुलीत उडी घेऊ, हे तिने शांतपणे ठरवून टाकलं होतं.

"आई," इझबेल उबळ ओसरल्यावर म्हणाली, "त्या आजीला खूप थंडी वाजतेय."

"कुठल्या आजीला गं?"

"ह्याच्यातल्या." पोरीने अंगरख्याची बाही उचलून दाखवली.

मार्गेट उठून विलीपाशी गेली. तो दाराकडे तोंड करून बसला होता, आणि ती मागे उभी आहे हे त्याला माहीत होतं.

"काठीला टांगलेला होता म्हणालास."

तो दाराच्या कडीकडे बघत राहिला.

"विली, मी पोरीची आई आहे. मला सांग."

"गरम होता," तो म्हणाला.

"काय?"

"मी घेतला तेव्हा. आतून गरम होता, मार्गेट."

त्याहून जास्त तो कधीच बोलला नाही, आणि तिनेही विचारलं नाही. तिला त्याला मारावंसं वाटलं आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. ती भिंतीला धरून उभी राहिली. चुलीपाशी पोरगी खोकत होती.

७

सकाळ उजाडल्यावर तिने इझबेलच्या अंगातून अंगरखा काढला. विली आडवा आला.

"हा गेला तर पोर जाईल. एवढं कळत नाही तुला?"

"राहिला तरी जातेच आहे."

"थांब निदान. साहेबांकडे औषध—"

"साहेबांकडे जमीन आहे," मार्गेट म्हणाली. "बाजूला हो."

पोरीला सगळ्या कांबळ्यांत गुंडाळून तिने त्याच्या मांडीवर ठेवलं आणि ती अंगण ओलांडून गेली. अंगरखा छातीशी धरला होता. दुसऱ्या कोणाच्या ठोक्याने तो हलतोय असं तिला वाटलं. माझंच काळीज धडधडतंय, ती म्हणाली, आणि कदाचित खरंही असेल.

कुऱ्हाडीच्या पात्याने तिने खिळे उपटले. फळी सरकवली. बोळात कोणी नव्हतं, नुसतं पांढरं ऊन. अंगरखा पाटावर ठेवायला तिचे हात होईनात. ठेवला तर पोर आपल्या हाताने दिल्यासारखं होईल असं वाटत होतं, आणि न ठेवला तर काय होतंय ते ती बघत होतीच.

"मावशी," ती म्हणाली, "तुझं आहे, घे. मी नव्हतं घेतलं, पण माझ्या घरात होतं. घे, पण माझं लेकरू ठेव. तू मला वाढवलंस ना, मग तिला वाढू दे. मला दुसरं काही नको."

तिने अंगरखा ठेवला आणि बोटं सोडवली.

हात आला. वाकड्या बोटाने आधी काखेतला तो वाकडा जोड चाचपला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग अंगरखा पलीकडे ओढला गेला. कोणी अंगात काही चढवतं तसा कातड्याचा आवाज झाला. मार्गेट खाली वाकली. वाकायचं नसतं, आतल्याने बाहेरच्याचं तोंड बघायचं नसतं, तरी वाकली. एक खांदा दिसला, आणि करड्या केसांची वेणी, आणि तिच्याकडे वळू लागलेला एक गाल. तिने डोळे घट्ट मिटले.

तेवढ्यात तिच्या तोंडावर ऊब आली. धूर आणि अस्वलाच्या चरबीचा वास असलेला, ओलसर, जिवंत श्वास. मग आणखी एक.

पाटावर दोनदा थाप पडली.

डोळे उघडले तेव्हा बोळ रिकामा होता. खिडकीच्या वरच्या कडेला पांढरा जाड बर्फ जमला होता. पलीकडे, तटाच्या बाहेरच्या बाजूला, बर्फावर पावलांची करकर लांब लांब जात होती. तिने फळी लावली आणि घराकडे धावली.

८

घरात खोकला नव्हता. उंबऱ्याशीच तिचे पाय थिजले, कारण एवढी शांतता एकाच गोष्टीची असते. मग तिला कालचा मासा खाताना इझबेल दिसली. पोरगी विलीच्या मांडीवर बसून दोन्ही हातांनी खात होती आणि काटे त्याच्या दाढीत खोचत होती. विली मुलासारखा रडत होता.

"पोटात आग पडलीय तिच्या," तो म्हणाला. "दोनदा मागून घेतलं."

ओठ लाल होते. छातीला कान लावला तर घरघर नाही. मार्गेटने तिचे इतके मुके घेतले की पोरगी वैतागली. पुढचे दिवस ती हसली की मार्गेट हसे आणि झोपली की शेजारी जागी राही. अंगरख्याचं नाव घरात कोणी काढलं नाही.

काही दिवसांनी साहेब तणतणत आले. वाकणावर धूर दिसतोय. रोवलेल्या काठ्या कोणीतरी उपटून, लाल चिंध्यांसकट, एका जागी रचून ठेवल्यात. माणसं पाठवली तर ती अर्ध्या वाटेवरून परत आली आणि का आली ते सांगत नाहीत. वसाहतीच्या लोकांना आता दुसरीकडे कुठेतरी बसवावं लागणार. लौटिटच्या पट्ट्याचं पुढे बघू. विलीने मान डोलावली. मार्गेटला त्या क्षणी जमिनीचं सुख ना दुःख. तिची पोरगी दाराशी उड्या मारत होती.

"बाहेर जाऊ दे ना गं आई. कुत्र्यांकडे."

किती आठवड्यांनी पोर बाहेर पडत होती. तिने टोपी घातली, शाल बांधली, हात धरून अंगणात नेलं. लखलखीत ऊन आणि नाक जाळणारी थंडी. साहेब घसरगाडीशी उभे राहून माणसांना ओरडत होते आणि त्यांच्या तोंडून किटलीसारखी वाफ येत होती. माणसांच्या तोंडून येत होती. कुत्र्यांच्या, विलीच्या, तिच्या स्वतःच्या.

इझबेल कुत्र्यांमध्ये शिरली. एकेकाला नावाने हाक मारत होती, मोठमोठ्याने, खिदळत. जुनी, सरावाची कुत्री, पण पोरगी जवळ आली तसं एकेक मागे सरकून बसलं.

मार्गेट बघत होती. पोरगी बोलत होती, हसत होती, तोंड उघडत होती, मिटत होती. तिच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ होती. त्या हवेतून पलीकडचा तट स्पष्ट दिसत होता.

मार्गेट जाऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. हातमोजा काढला आणि उघडा तळवा तिच्या ओठांसमोर धरला.

"हे काय गं?" इझबेल म्हणाली.

तळहाताला काही लागलं नाही.

तिने वर बघितलं. विली बघत होता. त्याने तोंड उघडलं आणि तिच्या नजरेला नजर मिळताच मिटलं. गाडीशी उभे असलेले साहेब त्यांच्याकडे वळत होते.

"थंडी फार आहे," विली म्हणाला. "आत ने तिला."

तिने पोरीला उचललं, तिचं तोंड आपल्या मानेत लपवलं आणि अंगण ओलांडलं. मानेला तिचे ओठ लागत होते, मऊ, आणि ती काहीतरी लाडाने सांगत होती. मार्गेट हो हो म्हणत होती. घरात आल्यावर तिने पोरीला चुलीच्या अगदी जवळ बसवलं. विस्तवापाशी कोणाचीच वाफ दिसत नाही. मग तिने दार लावलं, कडी घातली आणि आणखी लाकडं सरकवली. हिवाळा अजून बराच बाकी होता.